थोरलीला आधी वाढा

अहो,

नमस्कार. मी इथे बरी आहे, खोकलाही कमी झालाय. तुमचा गुडघा काय म्हणतोय?

थोरली नापास झाली, म्हणून "तिला डोकंच नाही, शाळेतून काढतो," असं तुम्ही लिहिलंत.

मी स्वयंपाक करते त्या घरची मुलगीही तिच्याच वयाची. उपाशी शाळेत जायची आणि पहिल्या तासाला पेंगायची. घरच्या मालकीणबाईंनी मला बजावलं, "खाल्ल्याशिवाय तिला दाराबाहेर सोडू नका." रोज तिच्यामागे ताटली घेऊन फिरले. परवा ती वर्गात दुसरी आली. "तुमच्या हाताला यश आहे हो," बाई म्हणाल्या. त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

आपली पोर सकाळी तुम्हा सगळ्यांचं रांधते आणि घोटभर चहावर शाळेत पळते. "आई, खायला वेळच नसतो गं," असं तीच फोनवर म्हणाली होती.

शाळेतून तिचं नाव काढायचं नाही. उद्यापासून सकाळचं तुम्ही बघा. वर्षभर तिला पोटभर खाऊ घालून पाठवा, मग तिच्या डोक्याबद्दल बोला.

सासूबाईंना नमस्कार. त्यांचं पथ्य सांभाळा.

तुमचीच.

ता. क. हे पत्र तिला मोठ्याने वाचायला सांगा.