फलकावरची पाठमोरी बाई

तीर्थरूप आईस, तुझ्या धाकटीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. खोली कोरडी आहे, दोन वेळचं नीट जेवते. बाबांच्या पायांची सूज उतरली का?

साहेबांच्या प्रचार कार्यालयात मी व्हिडिओ कापते, हे तू सगळ्यांना सांगतेसच. साहेब लोकांना आवडतात गं, पण त्यांनी गावोगावचे दवाखाने बंद केले ते कुणालाच पटलेलं नाही. म्हणून आमच्या कार्यालयप्रमुख बाईंची ताकीद आहे, "माणूस दाखवा, निर्णय नको." कुणी दवाखान्याचा विषय काढला की आवाज पुसायचा आणि वर संगीत टाकायचं. आता हाताला इतकी सवय झालीय की मी ऐकतही नाही.

मागच्या आठवड्यात एका सभेतला असाच एक तुकडा आला. डोक्यावरून शाल घेतलेली एक पाठमोरी बाई साहेबांचे दोन्ही हात धरून रडतेय. आमच्या बाई म्हणाल्या, "सोनं आहे हे! काय माया आहे बघा लोकांची!"

आज त्याच तुकड्यातला फोटो चौकातल्या मोठ्या फलकावर लागला. सहज मान वर केली, तर शालीवर निळ्या दोऱ्याचं रफू. माझ्याच हातचं, वाकडंतिकडं, आता हातभर लांब झालेलं.

आई, तू एवढ्या लांब सभेला गेलीस आणि मला कळवलंही नाहीस. आवाज मी पुसला, आता तो कुठेच नाही. तू काय मागत होतीस गं? साहेब तर हसून मान डोलावत होते.

तुझी,
धाकटी