मिशाळ्याचं बीज

ता. ३

चि. चिमणीस, आजीचे भरभरून आशीर्वाद.

सगळ्यात आधी टपकला तो ड्रायव्हर. मला वाटलं हाच तुमच्या प्रयोगशाळेचा मोठा शास्त्रज्ञ. खुर्ची दिली, आपल्या मिशाळ्या माशाची सगळी कुंडली सांगितली. तो बिचारा मान हलवत राहिला. मग तुझ्या मॅडम आल्या, गुडघाभर बूट घालून. आधी मिशाळ्याची तब्येत विचारली, मग माझी. मला आवडली हो बाई.

दोघं मागच्या, मिशाळ्याच्या हौदात उतरली. इकडे टेबलावर तू खोक्यात भरून पाठवलेल्या बारा रिकाम्या नळ्या. पाहुण्यांच्या हाती न विसळलेलं भांडं कसं द्यायचं? चांगल्या खळखळून विसळल्या, वरून पुसल्या, होत्या तशा ठेवल्या. मॅडमनी मिशाळ्याचं पोट हलकेच दाबलं, पांढरं दुधासारखं काहीतरी नळ्यांत घेतलं, बर्फात ठेवलं आणि निघाल्या. एवढ्याचसाठी एवढा प्रवास? मला काही उमगलं नाही, पण मजा आली. आजोबा असते तर हौदाकाठी भाषणच ठोकलं असतं.

गुडघा बरा आहे. वेळेवर जेव. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी

ता. ५

ती. आजीस, शि. सा. न.

तुझं पत्र वाटेत असेल, पण मला राहवत नाही. मिशाळ्याचं बीज वाया गेलं. सूक्ष्मदर्शकाखाली एकही शुक्राणू हलेना. माशाच्या पोटात ते निजलेले असतात. पाणी लागलं की जागे होतात, अर्धं मिनिट सुसाट पोहतात आणि संपतात. म्हणून नळी कोरडी ठक्क लागते. मॅडम म्हणतात, मी ओल्या नळ्या भरल्या. मी स्वतः वाळवल्या होत्या गं! आता माझाच माझ्यावर भरवसा उरला नाही. त्या जातीचा हा एकच नर आम्हाला सापडलाय. तो गेला की गोठवलेलं बीज तेवढं उरणार. आणि मला या कामावरून काढायचं चाललंय. तिथे तुला काही वेगळं दिसलं का?

लोभ आटू देऊ नकोस.

तुझी चिमणी

ता. ९

चि. चिमणीस, आजीचे आशीर्वाद, आणि थोडी शरमही.

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली असणार. तुझं चार वेळा वाचलं, पाचव्यांदा शेजारणीकडून वाचून घेतलं. मासा जन्मभर पाण्यात, आणि त्याचं बीज पाण्याने मरतं? मग तळ्यात पिल्लं होतात कशी? शेजारीण म्हणाली, मादी जवळच असते, अर्धं मिनिट पुरतं. असेल बाई.

पण कोरड्या नळीचं वाचलं आणि मला त्या बारा नळ्या आठवल्या. अगं, मीच विसळल्या त्या! दुकानात जाऊन मॅडमना फोन लावला. घडलं ते सांगितलं. फोन बंद पडला समजून मी दोनदा हॅलो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, किती विसळल्या. म्हटलं, बाराच्या बारा, अर्धवट काम मला जमत नाही. तिकडून हसू की रडू, असा आवाज आला. साबण लावला होता का, हेही विचारलं; कशाला, देव जाणे. चूक तुझी नव्हती हे सगळ्यांसमोर सांगेन म्हणाल्या, आणि या वेळी तुलाच सोबत आणणार आहेत.

मिशाळ्याला दोन आठवडे आराम सांगितलाय. पुन्हा देईल का, ते त्यांनाही माहीत नाही. मी हौदाकाठी बसून त्याला विचारते, तर तो नुसत्या मिशा हलवतो. आता याला हो समजायचं की नाही?

माझ्यावर रुसू नकोस.

तुझी आजी

ता. क. मॅडम गुरुवारी, पंचवीस तारखेला, सकाळी नऊला येते म्हणाल्यात.