सोलारवाली

प्रिय नकाशेवाल्या,

अक्षर ओळखलं असशीलच. इतक्या वर्षांनी मी तुला पत्र लिहीन असं मला स्वतःलाच वाटलं नव्हतं, आणि तेही कशावरून, तर घरावर सोलार बसवावं की नाही यावरून. हस खुशाल. पण आधी सगळं वाच, मधूनच शेवटाकडे उडी मारू नकोस. तुझी ती वाईट खोड मला माहीत आहे.

लाँड्री अजून तिथेच आहे, उताराच्या वळणावर, खाली दुकान आणि वर घर. बाबा गेले, ते तुला कुणाकडून तरी कळलं असेल. इस्त्रीवाले काका आहेत. ऐकू कमी येतं, पण ते चालतं, कारण गिऱ्हाइकांची कटकट त्यांच्या कानापर्यंत पोचतच नाही. तुझ्या वेळी आम्ही कपडे गच्चीवर वाळत घालायचो. आता दोन मोठी वॉशिंग मशीन आहेत, ड्रायर आहे, वाफेची इस्त्री आहे, आणि या सगळ्यांची भूक भागवता भागवता माझ्या तोंडाला फेस येतो. विजेचं बिल आलं की काका ते माझ्या हातात असं देतात, जशी काही कुणाच्या आजारपणाची बातमी. त्यात समोरच्या बेकरीवाल्याने छतावर पॅनेल घातली आणि येता-जाता मला ऐकवायला लागला, "आमचं बिल आलंय, बघायचंय? बघण्यासारखं काही नाहीच म्हणा त्यात!" मला काय झोंबलं सांगू! दुसऱ्याचं चांगलं झालेलं मला पूर्वीही फारसं पचायचं नाही. वयानुसार पचन सुधारत नाही, बिघडतंच.

धाकट्याला फोन केला. घर दोघांच्या नावावर आहे, विचारायला हवं. तो म्हणाला, "ताई, एवढा पैसा छतावर उन्हात ठेवायचा? आणि तो वसूल व्हायला वर्षं किती लागतात, तुझं वय किती, काही मेळ?" शेजारच्या शिंप्याला तर मी विचारलंही नव्हतं, तरी तो म्हणाला, "स्लॅबला भोकं पाडतील आणि जातील. मग बसा घरभर बादल्या मांडून." दोघंही इतक्या खात्रीने नको म्हणाले, की मी हट्टाने कंपनीला फोन केला.

मला वाटलं होतं, टाय लावलेला एखादा गोडबोल्या येईल. आली एक बाई. माझ्याच वयाची, फार तर दोन-चार वर्षांनी लहान. पाठीला सॅक, पायात कॅनव्हासचे बूट, आणि उन्हापासून हात वाचवायला कपड्यांवरून चढवलेला एक पुरुषी, जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट. आली, "नमस्कार ताई, गच्ची दाखवा," म्हणाली, आणि मी जिना दाखवेपर्यंत पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढलीसुद्धा. खडूने टाकीच्या सावलीची कड जमिनीवर आखली, पश्चिमेला नवी इमारत झाली आहे तिच्याकडे डोळे बारीक करून बघितलं, आणि म्हणाली, "मी दुपारी परत येते. सावली कुठवर सरकते ते बघितल्याशिवाय काही बोलणं बरोबर नाही." काका, जे मी शंभरदा हाक मारली तरी जिना चढत नाहीत, गुडघे धरत तिच्यासाठी पाण्याचा पेला घेऊन वर आले! ती खळखळून हसायची, वाकून उठताना कमरेवर हात ठेवायची नाही, आणि शिंप्याने खालून डोकावून गळतीचं विचारलं तर त्याला दहा मिनिटं समजावून त्याच्याकडून "असं होय!" म्हणवून घेतलं तिने. मला पहिल्याच दिवशी तिचा राग आला. कारण काही नव्हतं. माझ्या घरात, माझ्या माणसांना ती माझ्यापेक्षा जास्त आवडली, एवढंच.

दुपारी ऊन उतरल्यावर तिने तो शर्ट काढून माझ्या दोरीवर टाकला. वाऱ्याने तो पडला, मी उचलला. आता माझा धंदाच असा, हातात शर्ट आला की नजर आपोआप कॉलरवर, मग बटणांवर. आणि तिथे ती अडकली. बटणाखाली दोऱ्याची मान होती. काडेपेटीची काडी बटणाखाली धरून शिवायचं, मग काडी काढून दोरा गुंडाळायचा, हे मी तुला आमच्या काउंटरवर शिकवलं होतं. तू शिकलास, पण शेवटची गाठ आत मारायच्याऐवजी बाहेर मारायचास, कारण आतली छातीला टोचते म्हणे. लाख सांगूनही ऐकलं नाहीस. माझ्या हातांखालून किती शर्ट गेले असतील ते मला मोजता यायचं नाही, पण गाठ बाहेर ठेवून बटण शिवणारा माणूस एकच.

मी शर्टाची घडी घातली. चांगली, दुकानातल्यासारखी. मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमचे मिस्टर काय करतात?" ती म्हणाली, "नकाशे काढतात. जमिनींचे. आता घरूनच काम असतं त्यांचं." मी म्हटलं, ड्रायर वाजतोय वाटतं, आणि खाली आले. ड्रायर बंद होता.

तुझी बायको अशी असेल असं मला वाटलं नव्हतं. मी तिला वर्षानुवर्षं मनात रंगवलं होतं. कधी जाडजूड, कधी किरकिरी, कधी नुसतीच देखणी आणि बिनडोक. माझ्या मनात मी तिला एकदाही शिडीवर चढवलं नव्हतं.

यानंतर मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी तिला पुन्हा बोलावलं. मला समजलं नाही म्हणून. मग मीटरचं विचारायचंय म्हणून. मग पॅनेल धुवायची कशी म्हणून, जणू लाँड्रीवालीला धुण्याचं कुणी शिकवायला हवं! ती दर वेळी आली, न कंटाळता, आणि दर वेळी मी चहा पुढे ठेवून तिच्याकडून तुझा एकेक थेंब काढून घेतला. तुझा डावा गुडघा दुखतो. मुलगी नोकरीला लागली. सकाळचा चहा तूच करतोस. माझ्यासाठी तू कधी केला नव्हतास. तेव्हा आपलं घरच नव्हतं म्हणा. तरी मला त्या चहाचा हेवा वाटला. गुडघ्याचासुद्धा वाटला, कारण तो कुठला दुखतो हे तिला न विचारता माहीत असतं. ती हसत म्हणाली, "आमच्याकडे बोलायचं खातं माझं. ह्यांचं ऐकायचं. दिवस दिवस शब्द नाही." मी म्हटलं, असतात काही माणसं अशी. आणि आत कुठेतरी बरं वाटलं मला. अगदी हलकटासारखं बरं वाटलं.

एवढ्यावर थांबले असते तरी ठीक. पण तिला खाली पाहायला लावायचं म्हणून मी दुसऱ्या कंपनीच्या माणसालाही बोलावलं. तो टाय लावूनच आला. गच्चीवर एक नजर टाकली, न टाकल्यासारखी, आणि म्हणाला, "मॅडम, सगळी गच्ची भरून टाकू. बिल शून्य, लिहून देतो." मी तो लिहिलेला कागद तुझ्या बायकोसमोर पसरला आणि तिचं तोंड कसं उतरतं ते बघत बसले. उतरलं नाही. तिने चष्मा लावला, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि म्हणाली, "ताई, हे म्हणतात तेवढी वीज तुमच्या छतावर होणारच नाही. दुपारनंतर अर्ध्या गच्चीवर त्या इमारतीची सावली असते, तिथली पॅनेल नुसती शोभेची. पण तुमचं काम सगळं दिवसाचं. ऊन असतं तेव्हाच तुमची मशीन चालतात, म्हणजे होईल ती वीज इथल्या इथे वापरली जाईल. निम्मीच घ्या. पूर्वेकडे लावू, टाकी तेवढी हलवू. सहा-सात वर्षांत पैसे सुटतील, पुढचं सगळं तुमचं." मग कागदाची घडी घालत म्हणाली, "फक्त एक सांगा. पुढची दहा-पंधरा वर्षं तुम्ही इथेच आहात ना? घर विकून कुठे जायचा विचार असेल तर मात्र घालू नका. मी विकत असले तरी सांगते, घालू नका."

स्वतःच्या हाताने स्वतःचा धंदा निम्मा करून ती माझ्याकडे बघत राहिली. अशा बाईचा द्वेष करणंसुद्धा किती कष्टाचं काम आहे, तुला कल्पना नाही.

तिच्या प्रश्नावर मी विचार करून सांगते म्हटलं. विचार करायला लागले तेव्हा लक्षात आलं, की इथे राहायचं असं मी कधी ठरवलंच नव्हतं रे. बाबांचं आजारपण होतं म्हणून राहिले. मग दुकान होतं म्हणून. मग सवय होती म्हणून. तू विचारलंस, येतेस का, तेव्हा मी म्हटलं होतं, बाबांना बरं वाटू दे. तू थांबलास. माणूस जेवढा थांबू शकतो तेवढा थांबलास. त्यात ना तुझी चूक होती, ना बाबांची, आणि तेच तर वाईट होतं. रागवायला कुणी मिळालंच नाही मला. इतक्या वर्षांचा राग नुसता घडी घालून ठेवलेला, आणि ही बिचारी सॅक घेऊन नेमकी त्याच्या वाटेत आली.

तीन-चार दिवस मी गच्चीवर जाऊन खडूच्या त्या रेघा बघत होते. मग धाकट्याला फोन केला आणि सांगितलं, मी इथेच राहणार आहे, म्हातारी होईपर्यंत, आणि छतावर पॅनेल घालणार आहे. तो म्हणाला, "तू नाहीतरी कुठे जाणार होतीस?" मी म्हटलं, "तेच. आता मी जात नाहीये." त्याला फरक कळला नाही, पण सहीला तयार झाला.

पॅनेल गेल्या आठवड्यात बसली. शिंपी सकाळपासून खुर्ची टाकून स्लॅबच्या भोकांवर पहारा देत होता. जोडणी झाली, मीटर बदललं, आणि काकांनी पहिली चादर इस्त्रीखाली घेतली. तळहात लावून बघितला आणि म्हणाले, "गरमच आहे की!" एवढं हसलो आम्ही. तुझी बायको सर्वांत जास्त. तिचं हसू बघताना मला वाटलं, मी तुझ्या जागी असते तर मीही हिलाच निवडलं असतं. हे वाटणं काही सुखाचं नव्हतं.

तर आता हे पत्र का, ते. सगळे खाली गेल्यावर आम्ही दोघी गच्चीवर चहा घेत होतो. तिने पेला कठड्यावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, आमच्या ह्यांना तुम्ही ओळखता ना?" उतारावरच्या लाँड्रीचं काम मिळालंय असं तिने घरी सांगितलं, तेव्हा तू म्हणालास म्हणे, ते दुसऱ्या कुणाला दे. "माझ्या कामात हे कधी बोलले नव्हते," ती म्हणाली, "तेव्हाच मी समजले." आणि तरी ती येत राहिली, मी बोलावलं तितक्या वेळा! मी म्हटलं, हो, ओळखते. मला वाटलं, आता विचारेल, किती ओळख, किती दिवस, काय होतं. ती एवढंच म्हणाली, "तेव्हाही ते इतकेच गप्प असायचे?" अरे, तू आणि गप्प! तू दोन शर्ट टाकायला यायचास आणि शटर अर्ध्यावर ओढलं तरी बोलत उभा असायचास. कुठल्या ओढ्याने पात्र बदललं, कुठल्या गावाची वेस कागदावर सरळ आणि जमिनीवर वाकडी, कुणाचे दोन भाऊ हातभर बांधासाठी कसे भांडले, बाबा आतून खोकायचे तरी तुझं संपायचं नाही. माझ्याजवळ असलेली आणि तिच्याजवळ नसलेली ही एकच गोष्ट होती, आणि ती माझ्या जिभेच्या टोकावर होती. एका वाक्याने मी तिला जन्मभराचं दुखणं देऊ शकले असते. फार मोह झाला. मी म्हटलं, "हो. तेव्हाही गप्पच. स्वभावच तो." तिचा चेहरा सैल पडला. पेला उचलून उरलेला चहा प्यायली. तुझ्यासाठी मी आजवर पुष्कळ काही केलं नाही, पण हे केलं. पत्ता तिच्या कार्डावरचा आहे. टपाल दुपारी येतं आणि दुपारी ती कुणाच्या ना कुणाच्या गच्चीवर असते, म्हणून थेट घरीच पाठवते आहे. वाच, फाडून टाक, आणि संध्याकाळी ती आली की तिच्याशी बोल. काहीही बोल. बोलायचं कशाने थांबलास ते मी विचारणार नाही, माझ्यामुळे असेल तर ते मला ऐकायचंही नाही. वर्षातून दोनदा ती माझी पॅनेल तपासायला येणार आहे. पुढच्या खेपेला तिने माझ्या गच्चीवर बसून तक्रार केली पाहिजे, की काय सांगू ताई, हे किती बोलतात, डोकं उठवतात नुसतं. माझा फार जळफळाट होईल. होऊ दे.

एके काळी तुझीच,
लाँड्रीवाली