बाबांनी पुसलेली मूळसंख्या

आंजी (मोठी), ५ एप्रिल

आदरणीय आत्यास मयुरीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पुण्याच्या गणिताच्या एम.एस्सी.ची प्रवेशपरीक्षा मी पास झाले! पण तुझा धाकटा भाऊ अडून बसलाय. बाबा म्हणतात, जे मले समजतच नाई ते शिकाले तुले इतक्या दूर काऊन पाठवू? आधी मले समजावून दे, मंग जाजो. मी मूळसंख्येचं नाव काढलं की ते बैलांना पाणी दाखवायला उठतात.

जयंतीला विहारापुढच्या रस्त्यावर मी रांगोळीने माझी लाडकी संख्या काढणार आहे: ३५७६८६३१२६४६२१६५६७६२९१३७. एक आणि ती स्वतः सोडून हिला कशानेच पूर्ण भाग जात नाही. खरी गंमत मात्र त्या दिवशीच सांगेन, नाही तर तू फोनवर फोडशील.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी मयुरी

आष्टी, ९ एप्रिल

चि. मयुरीस यशोदाआत्याचे अनेक आशीर्वाद.

शाब्बास पोरी! शेजारच्या मंजुषालाही पत्र वाचून दाखवलं. तानबाचं मनावर घेऊ नकोस. त्याच्या हाताला काम लागल्याशिवाय डोक्यात काही शिरत नाही, लहानपणापासूनची खोड. तू गेलीस की घर खायला उठेल, ही धास्तीही आहेच त्याला.

तब्येतीला जप, आणि आत्याला विसरलीस तर कान धरीन.

तुझी आत्या

आंजी (मोठी), १५ एप्रिल

आदरणीय आत्यास जयभीम.

आत्या, जिंकले!

मिरवणुकीआधी धूळ बसवायला टँकर फिरतो. पाइप बाबांच्या हातात, लक्ष सगळं बँडकडे. डावीकडून येता येता माझे पहिले तीन आकडे वाहून गेले. पोरी किंचाळल्या, बाबांचं तोंड एवढंसं झालं. मी ओरडले, थांबू नका, पुसत जा! उरली तीही मूळसंख्याच आहे. अजून एक पुसा, तीही मूळच. शून्य न वापरता अशी याहून मोठी संख्या बनतच नाही!

मग काय, बाबा एकेक आकडा पुसताहेत आणि अख्खा रस्ता ओरडतोय, मूळ! सदतीस उरल्यावर त्यांनी पाइप टाकला, मंडपातल्या सदतीस खुर्च्या ओढल्या. दोन-दोनच्या रांगा, तीन-तीनच्या, पार सहापर्यंत. दर वेळी काही खुर्च्या उरायच्याच. सहाच्या पुढे बघायची गरजच नसते, सात साते एकोणपन्नास म्हणजे सदतीसच्या पारच, हे मी सांगितलं. बाबा मटकन एका खुर्चीत बसले आणि हसतच सुटले. सगळ्यांदेखत म्हणाले, समजलं मले, मयुरी पुण्याले जाईन.

मी भर रस्त्यात रडले, पण आनंदानं. तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझी मयुरी

आंजी (मोठी), २ मे

बाईले तानबाचा जयभीम.

पोरीनं सांगितलंच असन. बाई, भेव वाटत होतं, ते सांगतो. घर सुटन, गाव सुटन, मंग पोरीत आपलं काय राहीन? आकडे पुसता पुसता ते भेव गेलं. समोरचं कितीबी सुटलं तरी पोरगी अख्खी राहीन.

आता एक दुसरंच लागलं मांगं. उलट्या बाजूनं, शेवटून पुसत गेलो तरी मूळच राहीन, अशी संख्या बनन का? दुपारी सरकीच्या रांगा मांडत बसतो, एकेक आकडा वाढवत. सात जमला, त्र्याहत्तर जमला, सातशे एकोणचाळीसबी जमला. पुढच्याले सरकी पुरत नाई. मयुरीले सोडाले जाईन तवा तिच्या मास्तरलेच विचारतो.

आमच्यावर जीव ठेवजो.

तुझा भाऊ तानबा