क्लच नावाची कुबडी

२ मार्च, रविवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद पहिल्या दिवसापासून असावी.

परवा मेकॅनिककडे गाडी नेली होती. त्याने क्लच दोनदा दाबला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, साहेब, केबल झिजलीय, आज ना उद्या तुटणार, आत्ताच बदलून घ्या. मी म्हटलं, बघू. माणसाला घाबरवून पोट भरणाऱ्यांची मला चीड येते.

पण घरी येऊन विचार केला. तुटली तर तुटली. क्लच लागतोच कशाला? रात्री व्हिडिओ बघितला. एक दाढीवाला ट्रक ड्रायव्हर डाव्या पायाची मांडी घालून बसलाय आणि एकामागून एक गिअर टाकतोय. क्लचला पाय नाही. तत्त्व सोपं आहे. ॲक्सिलरेटर सोडायचा, गिअर न्यूट्रलला आणायचा, इंजिनाचा आवाज उतरू द्यायचा आणि नेमक्या क्षणी पुढचा गिअर अलगद आत. जोर लावायचा नाही, कान लावायचा. गिअर खाली आणताना उलट, ॲक्सिलरेटरचा हलका टोला द्यायचा.

म्हणजे क्लच ही कुबडी आहे. धडधाकट माणसं आयुष्यभर कुबडी घेऊन चालतात आणि त्यालाच ड्रायव्हिंग म्हणतात.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मग कंपनीने तो दिलाय कशाला? मी म्हटलं, सामान्य माणसासाठी. ती म्हणाली, आणि आपण कोण?

काही प्रश्न उत्तराच्या लायकीचे नसतात.

५ मार्च

ऑफिसच्या आधी सराव. बंद पडलेल्या कोल्ड स्टोरेजमागचं मोकळं मैदान. दुसऱ्यावरून तिसरा टाकला. खर्रर्र.

पुन्हा. खर्रर्र.

गिअरबॉक्सला सवय नाही. नवी सून घरात आली की आठवडाभर भांडी जरा जोरातच आपटतात. रुळेल.

एक गृहस्थ कुत्र्याला फिरवत होते. कुत्रं गाडीवर भुंकायला लागलं. गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, काही तुटलंय का? म्हटलं, नाही, जोडतोय. समजलं नाही त्यांना. त्यांच्यापेक्षा कुत्र्याच्या चेहऱ्यावर जिज्ञासा जास्त होती.

संकल्प: रोज सकाळी सराव. एकही दिवस चुकवायचा नाही.

८ मार्च

दोन दिवस चुकले. एक दिवस उशिरा उठलो, तो दोष गजराचा. काल मान दुखत होती. गाडी हिसके देते त्याचा मानेशी संबंध आहे असं बायकोचं म्हणणं. तिला प्रत्येक गोष्टीचा गाडीशी संबंध लावायची खोड आहे.

९ मार्च, रविवार

साडू आला होता. मेहुणीही होती, आणि त्यांच्याकडे राहणारे आमचे सासरे, आप्पा. साडूने नवी ऑटोमॅटिक गाडी घेतलीय. दारात उभी करून अर्धा तास तिचा आरसा पुसत होता. ज्या गाडीला गिअर टाकायचेच नाहीत ती गाडी नव्हे, पाळणा. बसा आणि झोका घ्या.

चहाच्या वेळी मी क्लचविना गिअर कसा टाकायचा ते सगळ्यांना समजावलं. बशीत चमचा फिरवून दाखवला. साडू शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, आम्हीही क्लच वापरत नाही. आमच्यात पेडलच नाही.

सगळे हसले. बायको सगळ्यात जास्त. एवढ्या सुमार विनोदाला एवढं हसणं मला तरी जमलं नसतं.

आप्पा मात्र हसले नाहीत. म्हणाले, जावईबापू करतात ते विचार करून करतात. या घराण्यात मला ओळखणारा हा एकच माणूस. लग्नाच्या आधीसुद्धा सगळे नको म्हणत होते तेव्हा हेच म्हणाले होते, मुलगा जरा वेगळा आहे, पण मनाचा चांगला आहे.

त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन २७ तारखेला ठरलंय. साडू म्हणाला, मी नेईन, आपली गाडी मऊ चालते. आप्पा म्हणाले, नको, हेच नेतील मला. हे बरोबर असले की माझं मन रमतं.

साडूचा चेहरा बघण्यासारखा झाला. राहतात त्याच्याकडे, विश्वास माझ्यावर.

१२ मार्च

जमलं! तिसऱ्यावरून चौथा. लोण्यात बोट शिरावं तसा गेला. आवाज नाही, हिसका नाही. अंगावर काटा आला.

ऑफिसात सांगितलं. मी गीझरच्या कंपनीत ग्राहक तक्रार विभागाचा प्रमुख आहे. अठरा वर्षांच्या अनुभवाने सांगतो, यंत्र कधी चुकत नाही, वापरणारा चुकतो. माझ्या हाताखालच्या बाईंनी विचारलं, सर, पण गिअरबॉक्सवाल्या कंपनीकडे तुम्ही तक्रार घेऊन गेलात तर ते काय म्हणतील? मी त्यांना प्रलंबित तक्रारींची फाइल दिली.

१६ मार्च, रविवार

बायकोला प्रात्यक्षिक. बाजारापर्यंत. जाताना तिसऱ्यावरून दुसरा टाकताना थोडा गोंधळ झाला, कारण ती मध्येच ‘अहो’ म्हणाली. कान लावायचं काम आहे हे, शेजारी कोणी ‘अहो’ म्हणत असेल तर ऐकू काय येणार?

येताना ती चौकात उतरली आणि पिशव्या घेऊन पायी घरी आली. चालण्याची आवड हिला अचानक कुठून लागली कळत नाही. माझ्या आधी पोचली. सिग्नल होता.

१९ मार्च

केबल तुटली.

ऑफिसातून निघालो, क्लच दाबला, पेडल खाली गेलं आणि तिथेच आडवं झालं. मेलेल्या झुरळासारखं. दुसरा कोणी असता तर टोइंगवाल्याला फोन करून कपाळाला हात लावून बसला असता. मी इंजिन बंद केलं, पहिला गिअर टाकला आणि तसाच स्टार्टर मारला. गाडीने बेडूकउडी घेतली आणि निघाली! बाहेरच्या रस्त्याने आलो. दुसरा, तिसरा, चौथा. एकदाच सिग्नल लागला, तिथे पुन्हा इंजिन बंद, पहिला गिअर, बेडूकउडी. घरापर्यंत! क्लचशिवाय!

जिन्यात एकटाच हसत होतो.

बायको म्हणाली, झालं ना मनासारखं? आता उद्या केबल टाकून आणा. म्हणजे हिला काहीच कळलं नाही. जिंकलेला माणूस कुबडी परत मागायला जातो का?

केबल घालायची नाही. निदान २७ पर्यंत तरी नाही. आप्पांना दाखवायचंय.

२३ मार्च, रविवार

दवाखान्याच्या रस्त्याची पाहणी केली. सकाळी लवकर निघालं तर सिग्नल फारसे लागत नाहीत. परतीच्या वेळेचा अंदाज नाही, पण तोवर हात बसलेला असेल.

बायकोने पुन्हा साडूचं नाव काढलं. म्हणाली, वडील माझे आहेत, तुमच्या प्रयोगाला दिलेले नाहीत. मी म्हटलं, त्यांनी मला निवडलंय. ती म्हणाली, त्यांना केबल तुटलेली माहीत आहे का?

सांगितलेलं नाही. ऑपरेशनच्या आधी म्हाताऱ्या माणसाच्या डोक्याला तांत्रिक तपशील कशाला?

२७ मार्च, सकाळ. दवाखान्यातून

सुखरूप पोचलो. एकूण तीन-चारच हिसके. आप्पा पुढे बसले होते. दाराच्या वरची कडी दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून. एवढा निर्धास्तपणा आजकाल बघायला मिळत नाही. बायको मागे. एक शब्द बोलली नाही, म्हणजे पटलं असावं.

ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं: वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, डोक्याला धक्का बसू द्यायचा नाही. डोळ्यावर प्लॅस्टिकची वाटी चिकटवलीय. आप्पा माझा हात धरून म्हणाले, चला जावईबापू, आता तुमच्या हवाली.

२७ मार्च, संध्याकाळ

भर दुपारची गर्दी. प्रत्येक चौकात थांबा. प्रत्येक वेळी इंजिन बंद, पहिला गिअर, बेडूकउडी. तिसऱ्या उडीला आप्पांनी विचारलं, गाडीला काही होतंय का? मी म्हटलं, नाही, ही पद्धत आहे. ते म्हणाले, बरं.

मग पुलाचा चढ. अगदी चढावर सिग्नल लागला. त्यात माझी काय चूक?

सुटल्यावर स्टार्टर मारला. गाडी हलेना, उलट मागे सरकायला लागली. हँडब्रेक ओढला. मागे शाळेची बस. तिचा हॉर्न, तिच्या मागच्यांचे हॉर्न, आणि बसमधली पोरं एका सुरात ‘ढकला, ढकला’ ओरडत होती. बायको म्हणाली, आप्पांना उतरवते. मी म्हटलं, एकदाच. हँडब्रेक सोडला, ॲक्सिलरेटर दाबला, स्टार्टर मारला. आणि इंजिन एकदम सुरू झालं. गाडी उसळली ती पुढच्या पाण्याच्या टँकरवर.

फार नाही लागली. बंपर गेला. पण आप्पांचं डोकं पुढे जाऊन मागे आपटलं, आणि डोळ्यावरची वाटी निघून सीटखाली गेली. ते ती शोधायला वाकायला लागले. बायको किंचाळली, आप्पा, वाकू नका! तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मीच वाकलो. वाटी सापडली. दोनदा हातातून निसटली. प्लॅस्टिक गुळगुळीत असतं.

तिने टॅक्सी थांबवली. आप्पांना हाताला धरून उतरवलं. उतरताना ते एवढंच म्हणाले, येतो मी, जावईबापू. बाकी काही नाही. रागावलेसुद्धा नाहीत.

वाहतूक पोलिसाने आणि मी गाडी कडेला ढकलली. त्याने विचारलं, क्लच गेलाय हे माहीत असून गाडी काढली? मी पद्धत समजवायला सुरुवात केली. म्हणाला, साहेब, आधी ढकला.

ती त्यांना परत दवाखान्यात घेऊन गेली; मी तिला फोन लावत राहिलो. तासाभराने बायकोने उचलला. डोळा वाचलाय, म्हणाली आणि ठेवला.

बराच वेळ फुटपाथच्या कठड्यावर बसून होतो. टोइंगवाला यायचा होता म्हणून.

२९ मार्च

मेकॅनिकचं म्हणणं, केबलबरोबर गिअरबॉक्सही उघडावा लागेल, आतले दात खाल्ले गेलेत. मी विचारलं, कुणी खाल्ले? त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं. उद्धट आहे.

आप्पांना फोन केला. मेहुणीने घेतला. झोपलेत म्हणाली.

३१ मार्च

आप्पा झोपलेत.

२ एप्रिल

सकाळी केला, झोपलेत. दुपारी केला, झोपलेत. संध्याकाळी मागे त्यांचाच आवाज ऐकू येत होता, साडूशी पत्त्यांवरून वाद चालला होता. मेहुणी म्हणाली, झोपलेत. डोळ्याच्या ऑपरेशननंतर माणूस झोपेत बोलतो, असं कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं.

बायको बोलते, पण कामापुरतं. अहोसुद्धा म्हणत नाही. एवढी शांतता असून कान लावायला काहीच नाही.

४ एप्रिल

गाडी आली. येताना क्लच वापरला. तात्पुरता. नवे दात आहेत, रुळेपर्यंत त्यांना आधार हवा.

उद्या आप्पांची तपासणी. साडू कामासाठी बाहेरगावी गेलाय. बायकोला म्हटलं, त्यांना निरोप दे, मी न्यायला येतोय, आणि क्लच वापरून येतोय. शब्द देतो म्हणावं. ती म्हणाली, सांगते.

उद्या गाडी अशी चालवायची की मांडीवरच्या कपातला चहा हलू नये. डोळ्याबद्दल त्यांना विचारायचं. पुलाचं मीच काढायचं, त्यांनी काढायच्या आधी. काय म्हणायचं ते वाटेत ठरवीन.

५ एप्रिल

अर्धा तास आधीच पोचलो. मेहुणीने दार उघडलं. आप्पा निघालेसुद्धा, म्हणाली. बसने. एकटे.

गाडी वळवून स्टॉपकडे गेलो. रस्त्याच्या पलीकडे उभे होते, काळा चष्मा, हातात दवाखान्याची फाइल. हॉर्न दिला. त्यांनी मान वर केली. मी काच खाली करून हात हलवला, आप्पा म्हणून हाक मारली. त्यांनी चष्मा काढला, सरळ माझ्याकडे बघितलं, चष्मा घातला. तेवढ्यात बस आली. घाईघाईने चढले.

ती बस बंदराकडे जाते. दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला.

मला फार वाईट वाटलं. बिचाऱ्यांना मीही दिसलो नाही आणि बसची पाटीही वाचता आली नाही. ऑपरेशन फसलं की काय, ही काळजी दिवसभर पोखरत राहिली. ऑफिसात एका तक्रारीला ‘दोष आमचा’ असं उत्तर लिहून बसलो. बाईंनी आणून दाखवलं तेव्हा फाडलं.

बायको परस्पर दवाखान्यात गेली होती, ती संध्याकाळी आली. आप्पा तासभर उशिरा पोचले, पण पोचले. मी भीतभीत विचारलं, डोळा कसा आहे?

ती म्हणाली, डॉक्टरीणबाई थक्क झाल्या. तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ आप्पांनी धडाधड वाचली. लांबचं तर इतकं स्वच्छ दिसतंय की सकाळी स्टॉपवर उभं राहून पलीकडच्या गाड्यांचे नंबर वाचत होते म्हणे.