हिरवा पाला

४ जानेवारी

ति. आक्कास,
सा. न. वि. वि. यंदा विशेष म्हणजे काळजीच. आठवडाभर आभाळ उतरलेलं आहे, ऊन नाही. परवा बांधापलीकडे ड्रायव्हरकाकांच्या बटाट्यावर काळे डाग दिसले. पान उलटलं तर खाली पांढरी बुरशी. काल आपल्याकडेही तेच. करपाच आहे. फवारलं, तर तासाभरात पावसाने धुऊन नेलं.

तुझी वहिनी म्हणते, सगळा पाला आत्ताच कापून लांब टाकू, म्हणजे रोग खाली बटाट्यात उतरणार नाही. पण बटाटा अजून लिंबाएवढाच आहे. पाला कापला की वाढ संपली. उभं हिरवं पीक कापायला हात धजत नाही. काय करू? लगेच कळव.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा
धाकटा

८ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. पत्र वाचलं आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मी बटाटे सोलायचे सोडून एकेक चिरून आत बघत बसले. पोरी हसायला लागल्या.

तुझा दुधाचा दात हलायचा, तेव्हा महिनाभर जिभेने ढकलत बसायचास, पण ओढू द्यायचा नाहीस. आताही तेच चाललंय. वहिनीचं ऐक. लहान बटाटा कमी भावात का होईना, विकला जातो. सडका उकिरड्यावर जातो. आणि रोग त्यांच्याकडून आला म्हणून काकांशी भांडू नकोस. आयुष्यभर बस चालवलेल्या माणसाचं हे पहिलंच पीक आहे.

मला इथे घास गोड लागत नाही. दोन ओळी तरी धाड.
तुमची
आक्का

१५ जानेवारी

ति. आक्कांस,
सा. न. हे लिहायला बसत नाहीत, म्हणून मी लिहिते. तुमचं पत्र यायच्या आदल्या दिवशीच आम्ही पाला कापला.

माझ्या हातून मात्र एक गोष्ट झाली आहे. काकांनाही पाला कापा म्हणून मी दोनदा सांगितलं होतं. ब्रेक कधी दाबायचा हे मला कोणी शिकवू नये, असं म्हणाले आणि लेकीकडे निघून गेले. इकडे पाऊस थांबेना, त्यांचा पाला काळा पडत चालला. मला राहवलं नाही. यांनी अडवलं, तरी मी विळा घेऊन त्यांच्या शेतात शिरले आणि सगळं कापून टाकलं.

काका परवा परत आले. बोडक्या सऱ्यांकडे बघत उभे राहिले आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. आता बटाट्याची साल पक्की होईपर्यंत खणता येत नाही. जमिनीखाली काय आहे कोण जाणे. सडकं निघालं तर त्यांचं पीक मीच मारलं असं होईल. यांचंही तोंड उतरलेलं आहे. माझं चुकलं का हो?

रागवा, पण अंतर देऊ नका.
तुमची
वहिनी

३० जानेवारी

ति. आक्कास,
सा. न. वि. वि. काढणी झाली. आपला खालचा कोपरा गेला, जवळ उभं राहवत नाही असा वास. बाकीचा बटाटा बारीक पण टणक आहे. यातलं बेणं ठेवता यायचं नाही. पुढच्या लागणीला कुठून आणायचं, तो घोर आहेच.

आम्ही खणत होतो तेव्हा काका आले. कुदळ हिच्या हातात दिली आणि स्वतःच्या शेताकडे बोट केलं. पहिल्याच घावाला लगदा निघाला. ही मातीतच बसली. मग काकांनी कुदळ परत घेतली आणि वरच्या अंगाला खणलं. तिथे चांगला निघाला. पुढेही चांगला. मग आम्ही तिघांनी मिळून काढला. उताराकडचा सगळा सडला, वरचा वाचला.

जाताना काका हिला म्हणाले, की विचारलं असतं तर मी नाहीच म्हणालो असतो, आणि आज घरी न्यायला काही उरलं नसतं. तरीसुद्धा तू विचारायला हवं होतंस. ही हो म्हणाली. इतके दिवस डोळ्यांतून टिपूस न काढलेली बाई, पाटी डोक्यावर घेऊन घरापर्यंत रडत आली. मी मागून चालत होतो, तिला थांबवलं नाही.

इकडची काळजी आता थोडी कमी कर. लोभ आहे तसाच ठेव.
तुझा
धाकटा