बातिस्ताआजोबांचं तीन मजली घर

बोएदो, बुएनोस आयर्स
मे संपत आला, थंडी पडली आहे

ती. रोमुलोदादास,

नेलिदाचा नमस्कार. साष्टांग घालायला गुडघे तयार नाहीत, तेव्हा खुर्चीत बसूनच घालते, पण मनापासून. तांदिलला सगळं क्षेमकुशल असेल असं धरून चालते. ओफेलियावहिनींचं पित्त कसं आहे? डॉक्टरांनी बंद केलेली सुकवलेल्या मांसाची सलामी त्यांनी खरंच बंद केली, की तू झोपल्यावर चालू असते? तुझी तब्येत उत्तम असणार, कारण मी जेव्हा जेव्हा फोन करते तेव्हा वहिनी सांगतात की तू अंघोळीला गेला आहेस. मी उभा जन्म टेलिफोन खात्यात कानाला यंत्र लावून काढला, दादा. माणूस अंघोळीत आहे की टेबलापलीकडे बसून 'नाही म्हणून सांग' अशी हाताने खूण करतोय, हे मला सांगणाऱ्याच्या श्वासावरून कळतं. पण आपण अंघोळच धरू. इतका स्वच्छ माणूस आपल्या घराण्यात आजवर झाला नाही. पत्राला मात्र 'अंघोळीत आहे' असं सांगता येत नाही, म्हणून हे पत्र.

आधीच सांगते, घाबरू नकोस. मला काही नको आहे. बहिणीने भावाला सहज लिहावं तसं लिहिते आहे. (खिशावरचा हात काढ, आरामात बस आणि वाच.)

तर आमच्या घरमालकीण दोन्या आम्पारो गेल्या, हे मी तुला कळवलं होतं. बाई कडक होती, पण भाडं वाढवायची वेळ आली की स्वतःच लाजायची. आता घर तिच्या मुलाकडे, फाकुंदोकडे, आलं. हा फार गोड मुलगा. मला घराबाहेर काढायचं सांगायला आला तेव्हा गालाचा मुका घेतला, गोड पाव आणला, आणि माझ्याच हातचा कडू माते-चहा पीत मला समजावून सांगितलं की या खोल्या रंगवून परदेशी पाहुण्यांना आठवड्याच्या बोलीने द्यायच्या आहेत. माझी हरकत नसेल तर मीही तितकंच भाडं देऊन राहू शकते, असंही म्हणाला. ते भाडं माझ्या पेन्शनपेक्षा मोठं आहे, म्हणजे जेवण, औषधं आणि वीज सोडली तरी पुरत नाही. मी हे त्याला सांगितलं तर त्याला इतकं वाईट वाटलं की त्याने दुसऱ्या गालाचाही मुका घेतला. महिनाअखेरीला किल्ली द्यायची आहे.

दुसरीकडे लहान खोली मिळत नाही असं नाही. मिळते, पण जामीन लागतो, आणि जामीनदाराच्या नावावर याच शहरात घर लागतं. तू तांदिलला, डोंगराच्या हवेत राहतोस, तुला याची कल्पना नाही. इथे माणसाची परीक्षा घ्यायची असेल तर त्याला जामीन मागावा. आमच्या खालच्या मजल्यावरची झुलेमा, जिच्याबरोबर मी निम्मं आयुष्य पत्ते खेळले, तिला विचारलं तर तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "नेलिदा, मूत्रपिंड माग, आत्ता देते. जामिनाचं मुलाला विचारावं लागेल." मुलगा अर्थातच अंघोळीत होता.

शेवटी तिनेच सुचवलं की कमी पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांना घरभाड्यासाठी सरकारी मदत मिळते. आमच्या पेन्शनरांच्या क्लबातल्या एवारिस्तोकाकांनीही दुजोरा दिला. (एवारिस्तोकाकांना सगळ्या सवलती तोंडपाठ आहेत आणि त्यांना स्वतःला आजवर एकही मिळालेली नाही. तरी लोक त्यांनाच विचारायला जातात.) अट एकच, नावावर घरदार नको. मी म्हटलं, मग ही मदत माझ्यासाठीच काढली असणार. माझ्या नावावर एक कॅनरी पक्षी आहे, आणि तोही माझं ऐकत नाही.

कचेरीत हिमेना नावाची एक मुलगी होती. नम्र, नाकात बारीक चमकी, सर्दी झालेली. तिने माझं नाव कॉम्प्युटरात घातलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाली, "आजी, तुमच्या नावावर तर मालमत्ता दिसतेय. एका भावाबरोबर निम्मी-निम्मी." दादा, खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात गुदगुल्या झाल्या. मला वाटलं, बातिस्ताआजोबांनी कुणाला न सांगता कुठेतरी घर घेऊन ठेवलं होतं आणि तू ते माझ्यापासून लपवलंस. (तुझ्यावर तेवढा विश्वास आहे माझा.) मी विचारलं, केवढं आहे? ती म्हणाली, "जमिनीवर एक मजला, खाली दोन तळघरं. दर्शनी भाग संगमरवरी." मग तिने पत्ता वाचला आणि माझ्या गुदगुल्या थांबल्या. ते आपल्या घराण्याचं थडगं.

आजोबांना आता काय म्हणायचं? या माणसाने शेवयांच्या कारखान्यात कंबर मोडेपर्यंत काम केलं, सगळं कुटुंब भाड्याच्या दोन खोल्यांत कोंबलं, आणि साठवलेला पै न् पै दफनभूमीत ओतला. का, तर मेल्यावर तरी घरमालकाचं तोंड बघायचं नाही. त्यामुळे आपल्या घराण्यात माणसाला मालकीच्या घरात राहायचं तर आधी मरावं लागतं. बाबा, आई, लुक्रेसियाआत्या सगळी आयुष्यभर भाडं भरत राहिली आणि मेल्यावर मालक झाली. आता सगळी तिथे आपापल्या शवपेटीत, भिंतीतल्या फळ्यांवर ओळीने पडली आहेत आणि त्यांना कुणी मुके घेऊन बाहेर काढत नाही.

हिमेनाला मी म्हटलं, बाळ, ते थडगं आहे. ती म्हणाली, मला कळतंय, पण कॉम्प्युटरला कळत नाही. त्याच्या लेखी ही तीन मजली इमारत आहे. तिथे कुणी राहतं का, हा पुढचा प्रश्न होता. मी म्हटलं, हो, सगळे कायमचे.

घरी येताना मात्र माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सरकार म्हणतं मी घरमालक आहे, तर मग मला जामीन शोधत हिंडायचं कारण काय? मीच माझी जामीन. तडक लुदुएन्या नावाच्या दलालाकडे गेले आणि आजोबांचं खरेदीखत टेबलावर ठेवलं. त्याने चष्मा चढवला. कोपऱ्याची जागा, संगमरवर, लोखंडी नक्षीचं दार, शांत शेजार, असं वाचत वाचत तो खुर्चीतून पुढे सरकत होता. मला कॉफी मागवली. कॉफी आली आणि तेवढ्यात त्याने पत्ता वाचला. म्हणाला, "बाई, तुम्ही भाडं थकवलंत तर मी ताबा घेऊन कुणाला बाहेर काढू?" कॉफी मात्र त्याने परत घेतली नाही, सज्जन माणूस. म्हणजे बघ, जिथे घर असलं तर मदत मिळत नाही तिथे ते घर आहे, आणि जिथे घर असलं तर खोली मिळते तिथे ते घर नाही. हे ठरवणारी माणसं एकत्र बसत नसणार. बसत असतील तर त्यांना माझा मुजरा.

पुन्हा कचेरी. हिमेनाने तिच्या वरच्या साहेबांना विचारलं. साहेब दयाळू निघाले. म्हणाले, बाईंनी आपला हिस्सा विकून टाकावा. मी म्हटलं, आत माणसं आहेत तसं कोण घेईल? आणि समजा कुणी घेतलंच? तर ते पैसे माझ्या खात्यावर दिसतील आणि मी श्रीमंत ठरेन, म्हणून मदत नाही, निदान ते संपेपर्यंत तरी. मग साहेबांनी दुसरा मार्ग काढला. प्रत्यक्ष पाहणी. हिमेनाने जागेवर जायचं, ती राहण्यालायक नाही असं लिहून आणायचं, की काम झालं.

आणि इथे, दादा, तुझ्या या बहिणीने माती खाल्ली.

पाहणी शुक्रवारी होती. आता तूच सांग, परकं माणूस आपल्या लोकांना भेटायला येणार, आणि मी तिला जळमटं दाखवू? लुक्रेसियाआत्याने वर उठून माझ्या तोंडात मारली असती. मी गुरुवारी सकाळीच बादली, ब्रश आणि पितळेचं पॉलिश घेऊन गेले. दाराच्या काचांना लावलेले लेसचे पडदे घरी आणून धुतले, खळ घालून इस्त्री केले. बाबांच्या शवपेटीवरचं विणलेलं कापड बदललं. कड्या अशा घासल्या की त्यांत तोंड दिसावं. समोरच्या थडग्यातली सेन्योरा (म्हणजे त्या थडग्याची मालकीण, आतली नव्हे) बघत उभी होती आणि जळून खाक झाली. ती गेल्यावर फुलदाणीत पांढरी शेवंती ठेवली. पहारेकरी तोरिबिओ म्हणाला, "लग्न आहे का कुणाचं?"

शुक्रवारी हिमेना आली. मी थर्मासभर गरम पाणी आणि माते प्यायचा भोपळ्याचा पेला घेऊन गेलेच होते, शिवाय घरचा रताळ्याच्या मुरंब्याचा केक. पोरीला बसायला पायरीवर उशी दिली. तिने सगळं बघितलं, तळघरातही उतरली, भिंतीला हात लावून बघितला. मी अभिमानाने सांगितलं की ओलीचा एक डाग सापडणार नाही, आजोबांनी इटलीहून गवंडी आणला होता. ती म्हणाली, खरंच, माझ्या खोलीपेक्षा कोरडं आहे. दोन तुकडे केक खाल्ला, माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि गेली. मी इतकी खूश होते की घरी येताना बसमध्ये गुणगुणत होते.

उत्तर सोमवारी आलं. पाहणीचा निष्कर्ष असा की जागा कोरडी, हवेशीर व उत्तम स्थितीत असून देखभालीवरून अर्जदार बाईंची सांपत्तिक स्थिती चांगली असल्याचं दिसतं. मदत नामंजूर.

हिमेनाचा राग कसा करू? तिने दिसलं तेच लिहिलं. घासूनपुसून दाखवलं कुणी? आपल्या लोकांची ही खोडच आहे. घर जळत असलं तरी आग विझवायला येणाऱ्यांसाठी आधी अंगण झाडतील.

झुलेमा हसून हसून रडली. मीही हसले. पण नंतर घरी येऊन खोक्यांत भांडी भरायला बसले आणि हसू कुठे गेलं कळलं नाही. तुला म्हणून सांगते, मला भीती वाटते आहे. मी कधी कुणाचं भाडं थकवलं नाही, आणि या वयात खुर्चीवर उभी राहून भिंतीवरचे खिळे काढते आहे. खिळ्यांची भोकं फाकुंदो बुजवून घेईल म्हणाला.

असो. असं चाललं आहे आमचं. बाकी विशेष नाही. वहिनींना माझा नमस्कार सांग, त्यांची सलामी पकडून ठेव, कुत्र्याला थोपट. तुला उगीच काळजीत टाकायचा माझा हेतू नव्हता. आधी म्हटलं तसं, मला काही नको आहे.

तुझी एकुलती एक उरलेली चुलतबहीण,
नेलिदा

ता. क. सोबत एक कागद आहे. नकारानंतर साहेबांनी सुचवलेल्या तिसऱ्या मार्गाप्रमाणे मी माझा हिस्सा दुसऱ्या मालकाला, म्हणजे तुला, दान केला की मी सरकारी नजरेत कफल्लक होते आणि मदतीला पात्र ठरते. तुला फक्त इथे येऊन नोटरीसमोर सही करायची आहे. आख्खी तीन मजली इमारत तुझी होईल, मला एक पेसो नको. मात्र दफनभूमीची दर वर्षाची पट्टी आजवर मी एकटी भरत आले, 'माझा वाटा पाठवतो' असं तू लुक्रेसियाआत्याच्या अंत्ययात्रेत म्हणाला होतास त्या दिवसापासून. ती आता मालकाने भरावी हे बरं दिसेल.

ता. क. दुसरा. सहीला तुझा जीव खालीवर होणार हे मला ठाऊक आहे, तेव्हा थोडी पूर्वतयारी केली आहे. आत दोन फळ्या अजून रिकाम्या आहेत, एक तुझी आणि एक माझी. तुझ्या फळीवर मी माझं शिवणयंत्र, भांड्यांची खोकी आणि हिवाळी पांघरुणं ठेवली आहेत. तोरिबिओची हरकत नाही, फक्त स्टोव्ह पेटवायचा नाही म्हणतो. माझी फळी रिकामीच ठेवली, तिच्यावर काही ठेवायला हात धजेना. तुला तिकडे घाईने जायची वेळ आलीच तर आधी कळव, सामान हलवावं लागेल.

ता. क. तिसरा. मीही तिथेच राहिले असते, पण संध्याकाळी फाटक बंद करताना जिवंत माणसांना बाहेर काढतात. म्हणून तू शनिवारपर्यंत सहीला आला नाहीस, तर मी रविवारच्या पहिल्या बसने कॅनरीसह तांदिलला येते आहे. तुझ्या जागेत माझं सामान आहे, तेव्हा तुझ्या घरात मी, हे रास्तच झालं. मागची खोली चालेल. वहिनींना सांग, मी फार कमी खाते. हे खरं नाही, पण सांग. हे पत्र पोस्टाने न टाकता त्याच बस कंपनीच्या पार्सलात देते आहे, म्हणजे माझ्या आधी पोचेल. तोपर्यंत तेवढी अंघोळ उरकून घे.